पांझरा परिणाम

“परवा पुण्याचे सर येतील, त्या दिवशी शेजारच्या सुगंधाअक्कांना लुगडं वाळत घालू नका म्हणून सांगून ठेवू का?” भाकरी तव्यावर टाकता टाकता कुंदाने विचारले. “मोठा माणूस घरी यायचा आणि तारेवर लुगडं लोंबत असायचं. बरं नाही दिसत.”

“कुठल्या तारेवर?” अभिमनने विचारले.

“तुमच्याच. वर, धाब्याच्या छपरावरच्या.”

अभिमन सोनवणेचा हात ताट आणि तोंड यांच्या मध्येच थांबला. वांग्याच्या भरताचा घास परत ताटात पडला, तो त्याला कळलाही नाही.

“सुगंधाअक्का माझ्या तारेवर लुगडं वाळत घालतात?”

“रोज घालतात. पहिल्यापासून. त्यांच्या धाब्यावर बांबू रोवायला तुम्ही जागा मागितलीत, तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, तार बांधाल तर आमच्याही उपयोगी पडेल. तुम्ही म्हणालात, हो हो, सगळ्यांच्याच उपयोगी पडेल.”

अभिमनला ते वाक्य आठवले. तो तेव्हा विज्ञानाविषयी बोलत होता.

“किती वाजता घालतात?” त्याने सावकाश विचारले.

“नदीवरून आल्या की. अकराच्या सुमारास.”

“आणि काढतात केव्हा?”

“वाळलं की. उन्हाळ्यात तासाभरात वाळतं. पावसाळ्यात दोन-दोन वाजेपर्यंत ओलंच असतं बिचारं.”

अभिमन शेवटचा प्रश्न विचारण्याआधी एक घोट पाणी प्यायला. “संकष्टीला?”

“संकष्टीला कुठलं लुगडं? त्या दिवशी पहाटेच्या मोटारीनं त्या एरंडोलला जातात ना, पद्मालयाच्या गणपतीला. संध्याकाळी परत येतात.”

अभिमन ताटावरून उठला. दोन वर्षांचे त्याचे संशोधन या चार उत्तरांत, भाकरी फुगून खाली उतरायला लागतो तेवढ्या वेळात, संपले होते.

अभिमन धुळ्याला देवपुरातल्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. नोकरी कच्ची होती. पुढल्या जूनपर्यंत प्रबंध लिहून वरची पदवी मिळवली तर पक्की, नाहीतर जागा दुसऱ्याला, असे प्राचार्यांनी गोड शब्दांत सांगून ठेवले होते. प्रबंधाचा विषय होता बिनतारी संदेशातल्या चुका. जळगावला मेहरूण तळ्याजवळ हनीफ मिस्त्री नावाचा गृहस्थ रेडिओ दुरुस्त करायचा. लढाईत पलटणीच्या बिनतारी विभागात त्याने ब्रह्मदेशापर्यंत मजल मारली होती आणि ‘कट्ट कड’ची, म्हणजे आखूड-लांब ठोक्यांची, भाषा त्याच्या बोटांत मुरली होती. रोज दहा ते दोन, दर तासाला पंधरा मिनिटे, हनीफने मेहरूणहून शंभर आकडे पाठवायचे आणि अभिमनने देवपुरात धाब्यावरच्या तारेला यंत्र जोडून, कानाला हेडफोन लावून ते उतरून घ्यायचे. हनीफकडची मूळ यादी शनिवारच्या टपालाने यायची. ती ताडून पाहिली की शंभरात किती आकडे वाटेत बिघडले ते कळायचे. एवढ्यासाठी दिल्लीहून परवाना मिळवायला चौदा महिने लागले होते.

पहिल्याच महिन्यात चमत्कार दिसला. दहा वाजता शंभरात तीन-चार चुका व्हायच्या. अकराला आवाज एकदम बसायचा आणि चुका चाळिसावर जायच्या. बारानंतर तो हळूहळू वर यायचा. पावसाळ्यात हा प्रकार जास्त वेळ टिकायचा, चैत्र-वैशाखात लवकर आटपायचा. अभिमनने ताडले की हा पांझरा नदीच्या वाफेचा खेळ आहे. ऊन चढले की वाफ वर जाते आणि लहरींना अडवते. पुढे त्याच्या लक्षात आले की दर महिन्याला एक दिवस हा परिणाम अजिबात दिसत नाही, आणि तो दिवस नेमका वद्य चतुर्थीचा असतो. म्हणजे चंद्राचाही यात हात होता. हे त्याने आपले पुण्यातले मार्गदर्शक डॉ. बन्सीलाल यांना कळवले, तेव्हा नेहमी पोस्टकार्डावर भागवणाऱ्या डॉक्टरांचे सात पानी पत्र आले. त्यांनीच या प्रकाराचे ‘पांझरा परिणाम’ असे बारसे केले.

एकट्या हनीफला हे पटत नव्हते. त्याने एकदा कार्डावर लिहिले होते, “सर, माझ्या मशीनमध्ये काही खराबी नाही. चंद्राचं मला माहीत नाही, पण तुमच्या तारेवर काहीतरी बसतं. एकदा वर जाऊन बघा, कावळे असतील.” अभिमनला त्या वेळी हसू आले होते. बिचारा कारागीर माणूस, त्याला वरच्या वातावरणातले काय कळणार, असे म्हणून त्याने ते कार्ड पुस्तकात खूण म्हणून ठेवले होते.

आता तो प्रथमच, भर साडेबारा वाजता, शिडी चढून धाब्यावर गेला. एरवी या वेळी तो खाली खोलीत कान झाकून नाहीतर आकडे मांडत बसलेला असायचा, आणि कॉलेज सकाळचे असल्याने दहाच्या आधी घरी नसायचा. आपल्या घराच्या मातीच्या सपाट छपरावरून शेजारच्या छपरापर्यंत त्याची तांब्याची तार गेली होती. तिच्यावर सुगंधाबाईंचे नऊवारी लाल लुगडे दुहेरी घालून वाळत पडले होते. वारा येत होता. लुगड्याचे ओले टोक धाब्याच्या मातीवर लोळत होते. मेहरूणहून पन्नास-पंचावन्न मैल चालत आलेला संदेश शेवटच्या दहा हातांत लुगड्यावाटे जमिनीत उतरत होता.

एकच्या ठोक्याला हनीफ सुरू झाला. अभिमनने लुगडे काढले, खाली धावला, हेडफोन लावला. आकडे खणखणीत येत होते. वर धावला, लुगडे घातले, खाली आला. आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. असे तीनदा केले. चौथ्या खेपेला लुगडे छातीशी धरून तो वळला, तर समोर सुगंधाबाई उभ्या होत्या.

“काय करी राह्यनात, भाऊ?” त्यांनी विचारले. “वाळनं नही ते अजून.”

“प्रयोग,” अभिमन म्हणाला.

सुगंधाबाईंनी लुगडे हातातून घेतले, झटकले आणि पुन्हा तारेवर घातले. पदवीधर माणसाच्या डोक्यावर ऊन लवकर परिणाम करते, असे त्यांनी संध्याकाळी कुंदाला सांगितले. मनाने त्या चांगल्या होत्या. कोणाला सांगू नको, असेही त्यांनी बजावले.

त्याच दुपारी अभिमनने पुण्याला तार करायचे ठरवले, पण डॉक्टर आदल्याच दिवशी नाशिकला एका व्याख्यानासाठी निघाले होते आणि तिथून परस्पर धुळ्याला यायचे होते. त्यांचे सगळे आखलेले होते. गुरुवारी परिणाम डोळ्यांनी पाहायचा. शुक्रवारी संकष्टी, त्या दिवशी तो नाहीसा झालेला पाहायचा. शनिवारी दिल्लीला मोठी परिषद होती. दोघांच्या नावांचा निबंध डॉक्टरांच्या एका मित्राच्या खिशात आधीच दिल्लीला पोचला होता. धुळ्याहून डॉक्टरांची तार गेली की मित्राने तो वाचायचा, नाहीतर खिशातच ठेवायचा.

“मग आता काय करणार?” कुंदाने विचारले.

अभिमनने हिशेब केला. अक्कांना काही सांगितले नाही, तर गुरुवारी लुगडे येईल, परिणाम दिसेल, जूनमध्ये नोकरी पक्की होईल. धाब्यावर चढून पाहण्याचे डॉक्टरांचे वयही नव्हते. हा विचार त्याच्या मनात आला आणि चांगला तासभर बसून राहिला.

“सांग त्यांना,” तो शेवटी म्हणाला. “म्हणावं, गुरुवारी लुगडं घालू नका. जे खरं आहे तेच सरांना दिसू दे. मी तोंडानंही सांगेनच.”

गुरुवारी सकाळी चाळीसगावकडच्या गाडीने डॉ. बन्सीलाल उतरले. स्वच्छ धोतर, लांब कोट, काळी टोपी आणि हातात उष्णतामापकांची पेटी. ते मूळचे पारोळ्याचे, पण तीस वर्षांत त्यांनी इतके पुणे अंगी बाणवले होते की ‘पारोळा’ हा शब्दसुद्धा ते पुणेरी हेल काढून उच्चारत.

“सर, मला एक बोलायचं आहे,” टांग्यात बसल्या बसल्या अभिमन म्हणाला. “त्या परिणामाबद्दलच.”

“आधी निरीक्षण, सोनवणे. मत नंतर.”

“मत नाही सर, एक वस्तू आहे.”

“वस्तूचंही निरीक्षणच करायचं असतं. टांगा थांबवा. ही पांझरा ना?”

डॉक्टर वाफ मोजायला नदीच्या पात्रात उतरले. अभिमन मागोमाग उतरला आणि त्याने पुन्हा तोंड उघडले, तेवढ्यात शेवाळलेल्या दगडावरून डॉक्टरांचा पाय सरकला आणि ते चिखलात बसले. लागले काही नाही, पण धोतर गुडघ्याच्या वरपर्यंत भरले. त्या अवस्थेत त्यांना मोठे सत्य सांगावे, असे अभिमनला वाटेना. घरी आल्यावर डॉक्टर चिखलाचे धोतर ओसरीवर ठेवून सामानातले दुसरे नेसले आणि बरोबर अकराला ते हेडफोन लावून बसले. त्या दिवशी हनीफला अकरापासून दोनपर्यंत सलग आकडे पाठवायला सांगून ठेवले होते.

आकडे स्पष्ट येत होते. अकरा वाजून पाच. दहा. पंधरा. डॉक्टरांनी एक हेडफोन कानावरून थोडा सरकवला.

“सोनवणे, परिणाम कुठे आहे?”

“तेच सांगतो आहे सर. परिणाम नाही. कधी नव्हताच. ते जे होतं ते—”

डॉक्टरांनी हात वर केला. हेडफोन पुन्हा कानावर नीट बसवला. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. “बसला,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “आवाज बसला. अकरा वाजून एकवीस मिनिटं. लिहा.”

अभिमनने लिहिले नाही. तो उठून बाहेर गेला आणि शिडीवरून धाब्यावर डोकावला. तारेवर लुगडे नव्हते. तारेवर डॉक्टरांचे धोतर होते, पांढरेशुभ्र, पिळून घातलेले. एक टोक धाब्याच्या मातीवर. शेजारी सुगंधाबाई कमरेवर हात ठेवून धोतराकडे समाधानाने पाहत होत्या.

“कुंदानी लुगडं टाकू नका सांगं व्हतं,” त्या म्हणाल्या. “धोतरनं काही सांगं नव्हतं.”

जेवायला बसले तेव्हा डॉक्टर उत्साहात होते. भाकरीवर लोणी आणि समोर शेवेची तिखट भाजी. ते दिल्लीच्या परिषदेविषयी बोलत होते. अभिमन ताटात बोटे फिरवत होता. एवढ्यात सुगंधाबाई धोतराची घडी घेऊन दारात आल्या.

“भाऊ, तुमनं धोतर धुई टाकं मी,” त्या डॉक्टरांना म्हणाल्या. “बठ्ठा गारा, चिखल व्हता त्याले. थोडं ओलं शे अजून.”

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलले. हा आवाज, ही पारोळ्याकडची भाषा त्यांच्या कानावर तीस वर्षांत पडली नव्हती. आणि मग पुण्याचे डॉ. बन्सीलाल यांच्या तोंडून, कोणी मागून ढकलल्यासारखे, वाक्य आले, “कोठे वाळत टाकं व्हतं, अक्का?”

“आठेच. धाबावर, प्रोफेसरभाऊनी तारवर.”

“कव्हय टाकं?”

“अकराले नदीवर व्हती मी. आठे उनी, टाकं. रोजच टाकस ना भाऊ मी लुगडं. दोन साल व्हयनात. फक्त संकष्टीले नही टाकस, पद्मालयले जास.”

डॉक्टरांनी ताटातली भाकरी सावकाश संपवली. पाणी प्यायले. अभिमनकडे पाहिले.

“ही तुमची वस्तू का?”

“हो सर.”

“परवापासून माहीत होतं?”

“हो सर. टांग्यात सांगत होतो. नदीत सांगत होतो.”

“नदीत मीच ऐकण्याच्या स्थितीत नव्हतो,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी ओलसर धोतर घेतले आणि साठीच्या वयात शिडी चढून ते धाब्यावर गेले. दुपारी दोनपर्यंत गुरूने धोतर घालावे-काढावे आणि शिष्याने खालून ओरडून आवाज सांगावा, असे चालले. आळीतल्या बायका आपापल्या धाब्यांवर येऊन बसल्या. कुंदाने त्यांना सांगितले की हा सरकारी प्रयोग आहे. मग कोणी हसले नाही.

चार वाजता दोघे तार कचेरीत गेले. अभिमनला वाटत होते की सगळे नीट लिहावे. डॉक्टरांनी फॉर्म ओढून घेतला.

“तारेत पाल्हाळ नको, सोनवणे. जितके शब्द कमी, तितकी चूक कमी. तुमचाच विषय आहे.” आणि त्यांनी इंग्रजीत लिहिले, ‘पांझरा इफेक्ट नॉट कन्फर्म्ड. लेटर फॉलोज.’ परिणाम सिद्ध झालेला नाही, पत्र मागून येत आहे. पत्रही त्यांनी तिथेच बाकावर बसून लिहिले आणि टपालपेटीत टाकले. मग त्यांनी अभिमनच्या खांद्यावर हात ठेवला. “वाईट वाटून घेऊ नका. जूनपर्यंत दुसरं काही सुचतं का पाहू.” तो स्वर ऐकून अभिमनला कळले की काही सुचणार नाही.

सोमवारी प्राचार्यांनी अभिमनला बोलावून घेतले. ही कच्च्या नोकरीची अखेर समजून तो गेला, तर खोलीत पेढे होते. दिल्लीहून तार आली होती. निबंध वाचला गेला होता, टाळ्यांचा कडकडाट झाला होता, आणि पांझरा परिणामाच्या पुढील अभ्यासासाठी देवपुरात तीन वर्षे केंद्र चालवायचे, असा ठराव पास झाला होता.

“पण सर, आम्ही तर नाही म्हणून कळवलं होतं,” अभिमन म्हणाला.

“विनय पुरे,” प्राचार्य म्हणाले. “संचालक मंडळाची कालच बैठक झाली. तुम्ही पक्के झालात.”

काय झाले ते आठ दिवसांनी कळले. डॉक्टरांच्या मित्राने धुळ्याची तार जशीच्या तशी परत पाठवली, तिच्यात लिहिले होते, ‘पांझरा इफेक्ट नाऊ कन्फर्म्ड.’ परिणाम आता सिद्ध झाला आहे. वाटेत कुठेतरी इंग्रजी ‘नॉट’मधल्या शेवटच्या ‘टी’चा ‘डब्ल्यू’ झाला होता. हनीफने कार्डावर खुलासा पाठवला, “सर, टी म्हणजे एक कड. डब्ल्यू म्हणजे एक कट्ट, दोन कड. कोणाचा हात थरथरला असेल किंवा त्या वेळी चहा आला असेल. ब्रह्मदेशात अशाच एका अक्षरानं आमची अख्खी पलटण चुकीच्या टेकडीवर जाऊन बसली होती. जेवण मात्र बरोबर टेकडीवर गेलं.”

मागून गेलेले पत्र परिषद उठल्यावर दिल्लीला पोचले. ठराव मागे घेता येईल का, असे डॉक्टरांनी दोनदा विचारले. त्यासाठी पुन्हा परिषद भरावी लागते आणि ती दोन वर्षांनी भरते, असे दोनदा उत्तर आले. अभिमनने प्राचार्यांना धोतरापासून लुगड्यापर्यंत सगळे सांगितले. प्राचार्यांनी ते लक्षपूर्वक ऐकून घेतले, उठून खोलीचे दार लावले आणि म्हणाले, “सोनवणे, मोठ्या लोकांत वावरायचं तर इतकं बोलू नये.”

डॉक्टर मात्र खरे माणूस. त्यांनी परिषदेच्या त्रैमासिकाकडे खुलासा धाडलाच. निबंध पहिल्या पानावर छापून आला होता. खुलासा पुढच्या अंकात, शेवटच्या पानावर, वर्गणीदारांच्या सूचनांच्या खाली आला. अभिमनच्या प्रबंधाचा विषयही त्यांनी थोडा वळवला. दोन वर्षांचे आकडे होतेच, चुकाही होत्याच, आता त्यांचे कारणही ठाऊक होते. शिवाय तारेतल्या एका अक्षराची चूक केवढी महाग पडते, याचे उदाहरण घरचेच होते. ते काम अभिमनने मन लावून केले. सुगंधाबाईंसाठी त्याने धाब्यावर वेगळी सुताची दोरी बांधून दिली. त्यांना ती पसंत पडली नाही, तारेवर लुगडे जास्त ताठ वाळते असे त्यांचे मत होते.

निबंध छापून आल्यावर तीन महिन्यांनी दक्षिणेतल्या एका कॉलेजातून जाडजूड पाकीट आले. तिथल्या प्राध्यापकांनी पांझरा परिणाम आपल्या गावीही शोधून काढला होता. नदी नसताना. त्यांच्याकडे तो साडेदहालाच सुरू होत होता आणि चतुर्थीऐवजी दर शुक्रवारी नाहीसा होत होता. या शुक्रवारचा उलगडा करणारे एक समीकरण त्यांनी मांडले होते, ते सव्वा पान लांब होते. अभिमनने ते कुंदाला वाचून दाखवले.

कुंदा तांदूळ निवडत होती. “शुक्रवारी त्यांची शेजारीण माहेरी जात असेल,” ती म्हणाली.

अभिमनने कागद पुढे ओढला. बऱ्याच खाडाखोडीनंतर त्याने दोन ओळी लिहिल्या, की महाशय, समीकरण उत्तम आहे, पण उद्या साडेदहा वाजता कृपया एकदा गच्चीवर जाऊन पाहावे. निरोप तातडीचा होता. त्याने कोट चढवला.

“कुठे निघालात?”

“तार कचेरीत. त्यांचा निबंध छापायला जाण्याआधी कळायला हवं.”

कुंदाने सुपातला खडा काढून बाहेर टाकला. “कार्डावर पाठवा,” ती म्हणाली. “तारेनं नको.”